उरण: तिथी बघून फिरा, तिथी बघूनच घर पाहा

खाजणकाठ (धागाकर्ता)

"मोऱ्याची लाँच किती वाजता बंद पडते", "पीरवाडीला मुलांना न्यावं का", "द्रोणागिरीत फ्लॅट घ्यावा का" हे उरणच्या धक्क्याचे, किनाऱ्याचे आणि घरांचे तीन प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर फिरत असतात. तिन्हींचं उत्तर शेवटी भरतीच्या वेळेपाशी येतं, म्हणून हा एकत्र धागा.

आधी उरणचा भूगोल. पश्चिमेला मुंबई बंदराचं पाणी, दक्षिणेला करंजा-धरमतरची खाडी, उत्तरेला न्हावा-शेव्याकडची खाडी. उरण शहर, केगाव, करंजा हा द्रोणागिरी डोंगराच्या आधाराने असलेला उंचवटा. त्याच्या पूर्वेला जासईपर्यंत जे सपाट दिसतं ते बहुतेक खाजण (खाडीलगतची खारी, सखल जमीन) आणि मिठागरं होती. आता नौदलाचा शस्त्रसाठा करंज्याकडे, तेल-वायू प्रकल्प नागाव-पीरवाडीच्या किनाऱ्याला, वायूवर चालणारं वीज केंद्र बोकडविऱ्याला, कंटेनर बंदर शेव्याला (२६ मे १९८९ पासून) आणि मधल्या खोलगटात द्रोणागिरी नोड, म्हणजे सिडकोने (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आखलेली वसाहत. सहलीला आलेली माणसं, चाळीस फुटी ट्रेलर आणि शाळेची रिक्षा एकाच रस्त्यावर असतात ती यामुळे.

भरतीचं जुनं गणित: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. द्वितीयेला दीड, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा. त्याच्या आधी-नंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, पाणी फारसं चढत नाही, उतरतही नाही.

आता जाणकारांनी भर घालावी.

वेळापत्रक_वाचक

पाऊणपट सोयीची आहे, पण पौर्णिमेला ती सव्वाअकरा सांगते आणि पाणी बाराच्या आसपास भरतं. पाऊणपटीऐवजी चार-पंचमांश धरा, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पौर्णिमेला बरोबर बारा, अष्टमीला सहा वाजून चोवीस. तिथी स्वतःच कमीजास्त लांबीची असते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच. फिरायला जायचं असेल तर चालतं. लाँच पकडायची किंवा पावसाळ्यात पाणी तुंबेल का हे बघायचं तर अपोलो बंदरचा भरती-ओहोटीचा तक्ता उघडा, आणि वेळेसोबत उंचीही बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती म्हणजे मोठं उधाण. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांना आकडा पाच मीटरच्या जवळ जातो.

दर्याफेरी

लाँचचं सांगतो. भाऊचा धक्का ते मोरा पाऊण ते एक तास. अडचण समुद्रात नाही, मोऱ्याच्या धक्क्यासमोर आहे. तिथे प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, उपसला तरी पुन्हा बसतो. उधाणाच्या ओहोटीला लाँचला धक्क्याला लागण्याइतकं पाणी उरत नाही आणि फेऱ्या काही तास थांबतात.

आता वरचं गणित लावा. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. नेमकी परतीची वेळ! त्या दोन-तीन दिवसांत मोऱ्याहून मुंबईला लाँचने परतायचं असेल तर दुपारी तीन-साडेतीनच्या आत निघा, नाहीतर ट्रेन धरा. अष्टमीला ओहोटी दुपारी येते, पण भांगाची असल्यामुळे पाणी इतकं उतरत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोट आणि नौदलाची स्पीडबोट यांची टक्कर झाली, त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. ते अंगात घाला, पट्टे कंबरेला आवळा. नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जातं.

मुसाफिर_कल्याण

ट्रेनने किती सोपं आहे? थेट सीएसएमटीहून आहे का?

दर्याफेरी

नाही. नेरूळ किंवा बेलापूरला उतरून उरणची गाडी पकडायची. खारकोपरपर्यंतचा टप्पा २०१८ चा, पुढचा उरणपर्यंतचा १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. हार्बर मार्गासारख्या पाठोपाठ गाड्या नाहीत, एक चुकली की स्टेशनवर बसून राहावं लागतं. तेव्हा परतीची वेळ आधी ठरवा आणि मग किनारा गाठा. स्टेशन कोटनाक्याकडे आहे. तिथून पीरवाडी, नागाव, करंजा सगळीकडे रिक्षाच.

पेटीवाला

गाडीने येणाऱ्यांसाठी. "रविवारी रस्ता मोकळा असतो" हे विसरा. बंदर चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालतं. गर्दी वारावर नाही, जहाजावर ठरते. निर्यातीचा माल जहाजासाठी गेटमधून आत घ्यायची शेवटची वेळ जवळ आली, किंवा गेटवरची संगणक यंत्रणा अडकली, की रांग करळ फाट्यापासून मागे सरकत जाते. गव्हाण फाटा, जासई, दास्तान फाटा, करळ हा पट्टा त्यात सापडतो. मुंबईहून अटल सेतूने यायचं तर (२१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा पाण्यावर) चिर्ले-जासईकडे उतरून पुढे पुन्हा याच पट्ट्यात यावं लागतं. टोलसाठी वेगळी सोय ठेवा. मोटारीला सुरुवातीचा दर एका बाजूचा २५० रुपये होता. दुचाकी आणि रिक्षा सेतूवर चालत नाहीत, तरी दर आठवड्याला इथे कोणीतरी विचारतंच.

दुचाकीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा. ट्रेलर डावीकडे वळताना पुढचं इंजिन आधी उजवीकडे जातं. मागून वाटतं की डावीकडे जागा झाली. ती जागा नसतेच, कारण मागची चाकं वळणाच्या आतून कापत येतात. ड्रायव्हरला त्या बाजूचं काही दिसत नाही. तिठ्यावर ट्रेलरच्या डाव्या अंगाला कधीही उभं राहू नका. पुढे जा, नाहीतर पूर्ण मागे थांबा.

दुसरं, पेटीच्या (कंटेनरच्या) चार कोपऱ्यांना ती ट्रॉलीला जखडणारे चार ट्विस्ट लॉक असतात. दांडा पूर्ण नव्वद अंशांत फिरलेला असला तरच पेटी ट्रॉलीला धरलेली असते. घाईत दोनच लावले, किंवा लॉक झिजलेला असला, की वळणावर पेटी कलंडते. भरलेली पेटी तीस टनांपर्यंत असते (वरची मर्यादा ३०,४८० किलो). वळणावर तिच्या शेजारून ओव्हरटेक करायचा नाही, एवढाच नियम. आणि रात्री मागचे दिवे न लावता कडेला उभे केलेले ट्रेलर सगळ्यात घातक. सकाळी उजाडल्यावरच या रस्त्याला लागा.

ओली_वाळू

किनाऱ्यांचं. पीरवाडी, नागाव, केगावचा माणकेश्वर आणि दांडा हे मुख्य. आधी नावाचा घोळ मिटवू: हे उरणचं नागाव. घोडागाडी आणि वॉटर स्पोर्ट्सवालं नागाव अलिबागचं, खाडीपलीकडे. नकाशात नुसतं "नागाव बीच" टाकून लोक भलतीकडे पोचतात.

पीरवाडीला वाळू आहे, पण मधे काळे खडक आहेत आणि त्यावर शेवाळ. उधाणाच्या भरतीला पाणी दगडी बांधापर्यंत येतं, चालायला वाळू उरत नाही. म्हणून भरतीनंतर दोन तासांनी जा आणि पुढची भरती पूर्ण होण्याच्या दोन तास आधी निघा. ओहोटीत पोहायचं नाही, पाणी बाहेर ओढतं. भरती सुरू झाली की खडकांच्या मागच्या घळी आधी भरतात, म्हणजे टोकावर सेल्फी काढणाऱ्याच्या पाठीमागे पाणी येऊन उभं राहिलेलं असतं. पावसाळ्यात घोट्याच्या वर पाण्यात जायचंच नाही.

सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडलेली दिसतात ती धुपेमुळे. दगडी बांध घातला म्हणून मागची वाडी वाचते हे खरं, पण लाट दगडावर आपटून परत जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. बांधामागे बागायत राखली तर पुढचा किनारा बारीक होतो, हा सौदा आहे. दोन्ही मिळत नाही.

समुद्रसाद

पावसाळ्यात पायाला जे काळं चिकट लागतं ते प्रकल्पातून येतं का? आणि ते निघत कसं नाही?

ओली_वाळू

डांबरगोळे म्हणतात त्यांना. बहुतेक दूर समुद्रात सांडलेल्या जड तेलाचे असतात. ऊन-पाण्याने हलका भाग उडून जातो, उरलेला घट्ट होतो आणि नैऋत्येच्या वाऱ्याने किनाऱ्याला लागतो. म्हणून मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत जास्त. ते गुजरातपासून गोव्यापर्यंत येतात, एकट्या उरणला नाही.

काढायचं असं: पाण्याने घासू नका, पसरतं. खोबरेल तेल भरपूर लावून दोन-तीन मिनिटं ठेवा, कागदाने किंवा जुन्या फडक्याने पुसा, मग साबण. पेट्रोल-रॉकेल लावू नका, कातडी जळजळते आणि तेल आत मुरतं. कपड्यावर असेल तर आधी बर्फ लावून कडक करा, चाकूच्या बोथट बाजूने खरवडा, मग तेल आणि भांड्यांचा साबण.

पण गोळे नसून पातळ काळा तवंग असेल आणि पेट्रोलसारखा वास येत असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडून समुद्रतळावरच्या नळ्या याच किनाऱ्याला येतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यातली नळी गळून तेल उरणच्या किनाऱ्याला लागलं होतं. असं दिसलं की मुलांना घेऊन लगेच मागे व्हा, विडी-काडी काही पेटवू नका आणि ११२ ला कळवा.

सातबारा_उतारा

घर घेणाऱ्यांसाठी, जरा सविस्तर लिहितोय.

पहिली चौकशी किमतीची नाही, सेफ्टी झोनची. नौदलाच्या शस्त्रसाठ्याभोवती सुरक्षा पट्टा आहे, १९९२ च्या अधिसूचनेचा. बोरी-पाखाडी, म्हातवली, केगाव, चाणजे या भागांतले कितीतरी सर्व्हे नंबर त्यात येतात. घरं उभी आहेत, माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण नवी बांधकाम परवानगी मिळत नाही आणि बँक कर्ज देत नाही. "सगळे राहतायत की" हे उत्तर चालवून घेऊ नका. सर्व्हे नंबर घेऊन तहसील कार्यालयात विचारा.

दुसरी, जमिनीची जात. द्रोणागिरीत सिडकोच्या निविदेतले भूखंड आहेत आणि साडेबारा टक्क्यांचे आहेत. ज्यांची जमीन संपादित झाली त्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायचा, त्यातून पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापला जातो. हातात पावणेनऊ. एक एकर गेला, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, तर भूखंड मिळतो ३५४ चौरस मीटर. दीड चटईक्षेत्र निर्देशांकाने, म्हणजे भूखंडाच्या दीडपट, ५३१ चौरस मीटर बांधकाम. तुम्ही बघता ती चार-सहा मजली छोटी इमारत बहुधा अशाच भूखंडावर असते.

हे भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. मूळ धारकाकडून बिल्डरकडे जाताना सिडको, धारक आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार व्हावा लागतो. तो नसेल, नुसतं कुलमुखत्यारपत्र दाखवत असतील, तर थांबा. करार असला तरी वारसांची नावं मोजा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणींच्या सह्या नसणं हा नेहमीचा घोटाळा आहे. इमारत पूर्ण झाल्यावर दावा उभा राहतो आणि भोगवटा प्रमाणपत्र अडकतं. वाटपपत्र, भाडेपट्टा, त्रिपक्षीय करार, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, महारेरा क्रमांक, भोगवटा, या क्रमाने कागद मागा आणि प्रत्येकावरचा भूखंड क्रमांक जुळवून बघा.

तिसरा प्रकार गावठाणालगतची 'गरजेपोटी' बांधलेली, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून प्रकल्पग्रस्तांनी परवानगीशिवाय बांधलेली घरं. ती स्वस्त दिसतात. प्रकल्पग्रस्ताच्या स्वतःच्या राहत्या घराचा प्रश्न वेगळा आणि न्याय्य आहे. त्या नावाखाली बाहेरच्याला विकायला बांधलेली पाच मजली चाळ हा वेगळा धंदा आहे, आणि तिला नियमात बसवण्याची आशा विक्रेताच देत असतो.

पाण्याचंही विचारा. उरण शहर आणि बऱ्याच ग्रामपंचायतींना एमआयडीसीच्या रानसई धरणाचं पाणी येतं. धरण जुनं, गाळ भरलेलं. उन्हाळ्यात कपात ठरलेली, बहुतेक वर्षी आठवड्यातून दोन दिवस. सिडकोकडे हेटवण्याचं पाणी आहे. टाकी निदान दोन दिवसांची असावी. बोअरवेल आहे म्हणून खूश होऊ नका, खाजणातली बोअर खारी निघते.

पेटीवाला

सातबारादादा, एक राहिलं. घर सीएफएसच्या (कंटेनरमध्ये माल भरायच्या-उतरवायच्या गोदामाच्या) किंवा रिकाम्या पेट्यांच्या यार्डच्या जवळ आहे का ते रात्री अकरानंतर जाऊन बघा. रीच स्टॅकर (पेट्या उचलून रचणारं यंत्र) मागे घेताना बीप-बीप आणि रिकामी पेटी पेटीवर ठेवतानाचा आवाज दिवसा कळत नाही.

पंपहाऊस

द्रोणागिरीतलं पाणी का तुंबतं यावर नेहमी "नाले साफ नाहीत" एवढंच लिहिलं जातं. तो अर्धाच भाग.

नोड भरावावर आहे, पण बऱ्याच ठिकाणी जमिनीची पातळी उधाणाच्या भरतीपेक्षा खाली पडते. म्हणून नाले थेट खाडीत न सोडता आधी धारण तलावात सोडतात आणि तलावाच्या तोंडाला झडपा असतात. झडप वरच्या बाजूला बिजागरीवर लटकलेली असते. खाडीचं पाणी चढलं की बाहेरच्या दाबाने आपोआप बंद, ओहोटीला आतल्या पाण्याने आपोआप उघडते. जुन्या खाजणातली उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) याच तत्त्वावर चालायची, ही तिचीच मोठी बहीण.

आता हिशेब करा. शंभर हेक्टरचा भाग, झडपा चार तास बंद, त्या वेळात शंभर मिलिमीटर पाऊस. एक हेक्टरवर शंभर मिलिमीटर म्हणजे हजार घनमीटर, तेव्हा एकूण एक लाख घनमीटर. बांधलेल्या जमिनीत फारसं मुरत नाही. तलावात वापरण्याजोगी खोली एक मीटर असेल तर दहा हेक्टरचा तलाव लागतो. गाळ भरून खोली अर्धा मीटर झाली की तोच तलाव निम्म्या पावसाला भरतो आणि पाणी रस्त्यावर येतं. गाळ काढायला गेलं तर तलावात तिवरं (खारफुटी) वाढलेली, आणि खारफुटीला हात लावायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. झडपेत एखादा ओंडका किंवा प्लास्टिकची गोणी अडकली तर आणखी वाईट. पाऊस नसतानाही भरतीचं पाणी आत शिरतं.

म्हणून घर बघायला डिसेंबरात जाऊ नका. जुलै-ऑगस्टच्या अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराला जा, जमलं तर पाऊस असताना. रस्त्यावर पाणी किती, इमारतीचं जोतं रस्त्यापेक्षा किती वर, पार्किंगमध्ये भिंतीवर डागाची रेघ कुठे, मीटरची पेटी त्या रेघेच्या वर आहे का, हे बघा. रस्ते दर काही वर्षांनी उंच होत जातात, इमारत तिथेच राहते. आज जोतं रस्त्याच्या जेमतेम फूटभर वर असेल तर ते कमीच समजा.

सळई

याला जोडून. खाऱ्या हवेत काँक्रीट सिमेंटच्या ब्रँडमुळे नाही, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) कमी म्हणून फुटतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या उघड्या हवेला किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट, घनमीटरला ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर. समुद्राचे तुषार थेट लागत असतील तर एम-३५, ३४० किलो आणि ५० मिलिमीटर. साइटवर बघायचं ते एवढंच: सळईखाली काँक्रीटचे किंवा पक्के कव्हर ब्लॉक आहेत, की खडी-विटेचा तुकडा सरकवलाय? दुसरं असेल तर पुढचं काही विचारू नका. क्लोराइड सळईपर्यंत पोचला की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि कव्हर आतून फुटून निघतं. बाल्कनीच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत तडा दिसला तर वरून प्लास्टर मारून उपयोग नाही. गंज घासून, सळईचा जाड-बारीकपणा तपासून, मगच दुरुस्ती.

ग्रिलला ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर तांबूस ठिपके येतात, समुद्राकडच्या बाजूला ३१६ घ्या. एसीचं बाहेरचं युनिट महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर न लावता.

नवी_भाडेकरू

नागावजवळ भाड्याने घर बघतेय. प्रकल्पाचा भोंगा वाजतो तेव्हा नेमकं काय करायचं? शेजारी म्हणतात "रोजचंच आहे, दुर्लक्ष कर".

लाल_हेल्मेट

ताई, दुर्लक्ष नको, फरक ओळखायला शिका. तेल-वायू प्रकल्पांचा ठरलेला संकेत असा: खाली-वर होणारा सूर दोन मिनिटं म्हणजे मोठी आग. तोच सूर दहा-दहा सेकंदांच्या खंडाने तीनदा म्हणजे आपत्ती. सरळ एका पट्टीतला सूर दोन मिनिटं म्हणजे धोका टळला, आणि आठवड्याच्या चाचणीलाही हाच सरळ सूर. शेजारी जो रोजचा म्हणतात तो सरळ असणार.

चिमणीवरची ज्योत मोठी झाली म्हणजे आग नव्हे. आतला काँप्रेसर बंद पडला की वायू तिकडे वळवून जाळतात, तो सुरक्षिततेचाच भाग. काळा धूर निघाला तर ज्वलनाला हवा कमी पडतेय इतकंच. चिंता जमिनीवरच्या वासाची करायची. मुसळधार पावसात तेलाचा अंश पावसाच्या गटारातून वाहू शकतो. ३ सप्टेंबर २०१९ ची आग पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या यंत्रणेतच लागली आणि चार जणांचा जीव गेला.

वास आला तर विजेचं बटण चालू किंवा बंद, दोन्ही करायचं नाही, ठिणगी दोन्हीकडे पडते. गॅसची शेगडी बंद करा, स्कूटर सुरू करू नका. झाड किंवा झेंडा बघून वारा ओळखा आणि वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडा. वाऱ्यासोबत पळालात तर वायू तुमच्यासोबतच येतो. एलपीजी हवेपेक्षा जड, तेव्हा गटार, तळघर, खोलगट रस्ता टाळून उंचावर जा.

करंज्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी वेगळं लक्षात ठेवा. बर्फ कारखान्यांत अमोनिया असतो. तो कोरडा असताना हलका, पण दमट हवेत धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो. ओलं फडकं नाकातोंडावर धरा, तो पाण्यात विरघळतो. डोळे चुरचुरले तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धूत राहा.

आणि फिरायला येणाऱ्यांना: नौदलाचा परिसर, बंदर आणि प्रकल्पाच्या कुंपणाचे फोटो काढू नका, ड्रोन तर पिशवीतूनही बाहेर काढू नका.

डोलकर_नाका

मासळीचं कोणी लिहिलंच नाय! करंजा धक्क्यावर ट्रॉलरची मासळी येते, पण बोंबील, जवळा, करदी, मांदेली हे डोलीचं काम. डोल म्हणजे प्रवाहात तोंड करून बांधलेलं जाळं, पाणी जितकं जोरात धावेल तितकं त्यात भरणार. म्हणजे उधाणाच्या दिवसांत डोलीला माल जास्त, भांगाला कमी. ताजे बोंबील हवे तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे या, अष्टमीला येऊन भाव करत बसू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा "आजची ताजी" म्हणून मिळतं ते बर्फातलं, नाहीतर खाडीतलं.

सुका जवळा मुठीत दाबून सोडा. मोकळा झाला तर घ्या, गोळा राहिला तर ओला आहे, आठ दिवसांत बुरशी. चिमूटभर पाण्यात टाका, तळाला वाळू बसली तर किनाऱ्यावर उघडा सुकवलेला आहे. घरी नेल्यावर एक दिवस कडक ऊन द्या.

पाणथळ

पक्ष्यांसाठी येणाऱ्यांनी उलटं करायचं. ओहोटीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) खाडीच्या चिखलात लांब पांगलेले असतात, दुर्बिणीतही ठिपके दिसतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि ते पाणजे-भेंडखळकडच्या आतल्या पाणथळांवर येतात. म्हणजे भरतीच्या आधी तासभर पोचा. हिवाळा ते मे. पण पाणजेला भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या की पाणथळ सुकतं आणि पक्षी येत नाहीत, हा वाद बरीच वर्षं चालू आहे. निघण्याआधी पाणी आहे का ते विचारा.

सातबारा_उतारा

पाणथळदादा, त्या वादाची दुसरी बाजूही लिहा. शेतकऱ्याच्या खाजणाला बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) खांड, म्हणजे भगदाड, गेली, वेळेत बुजवली नाही, खारं पाणी शिरलं, तिवरं उगवली. आता ते वन, शेतकऱ्याला ना पीक ना विक्री. त्याच तालुक्यात मोठ्या प्रकल्पांच्या भरावाला परवानग्या मिळतात. जासई आणि पागोट्याला १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पाच जण गोळीबारात गेले ते जमिनीच्या मोबदल्यासाठीच. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के आले. "स्थानिकांना विकास नको" असं इथे लिहिणाऱ्यांनी एवढं वाचून यावं.

पाणथळ

मान्य. बांध वेळेत दुरुस्त झाला असता तर शेतही राहिलं असतं आणि पाणथळही. उघाडी कोणी चालवायची हे ठरलेलं असलं की दोन्ही टिकतं, जुन्या खाजणात ते ठरलेलं होतं.

मुसाफिर_कल्याण

शेवटचा प्रश्न. घारापुरी उरणहून होते का? नकाशात बेटावरच "मोराबंदर" दिसतंय.

दर्याफेरी

ते मोराबंदर बेटावरचं गाव. घारापुरीवर तीन वस्त्या आहेत: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. तुमची लाँच लागते तो मोरा उरणचा. बेट उरण तालुक्यातच येतं आणि तिथली वीजही न्हाव्याच्या बाजूने समुद्राखालच्या केबलने २०१८ मध्ये गेली, पण पर्यटकांच्या नियमित बोटी गेटवेहून सुटतात. उरणहून जायचं तर न्हावा किंवा मोऱ्याला बोटीची आदल्या दिवशी चौकशी करा. सोमवारी लेणी बंद. आणि तिथी बघा, पौर्णिमेला संध्याकाळी मोऱ्याला उतरता येईलच असं नाही.